मूल कोणाच्या नावावर मांडायचं? भंडाऱ्याच्या कागदांतून दिसणारा घटस्फोट, पोटगी आणि प्राप्तिकर

मागच्या महिन्यात एका वाचक ताईंनी विचारलं होतं, "अमेरिकेत घटस्फोटानंतर मुलाला करासाठी 'अवलंबून' म्हणून कोणी दाखवायचं यावर भांडणं होतात म्हणे. आपल्याकडे काय नियम आहे?" प्रश्न साधा वाटतो. पण माझ्या पीएचडीचा विषय जुन्या मध्यप्रांतातलं कुटुंब आणि कर हाच असल्यामुळे मी त्यात चांगलीच अडकले. उत्तर एका ओळीचं नाही. शिवाय त्या उत्तराचे बरेचसे धागे आपल्या भागातून, म्हणजे नागपूर, अकोला आणि भंडाऱ्यातून जातात, हे पाहून मलाही मजा वाटली. तर बसा निवांत, थोडं मागून सुरू करते.

सुरुवात एका शब्दापासून. आपल्याकडे घटस्फोटाला 'काडीमोड' म्हणतात, 'सोडचिठ्ठी' म्हणतात, आणि जुन्या कागदात 'फारखत' किंवा 'फारकत' असंही लिहिलेलं सापडतं. हा शेवटचा शब्द फारसी दफ्तरातून आला. 'फारखती' म्हणजे हिशेब चुकता झाला, आता एकमेकांकडे काही देणं-घेणं राहिलं नाही, असा लेखी दाखला. कर्ज फेडल्यावर सावकाराकडून मिळायची ती फारखती, आणि नवरा-बायको वेगळे झाल्यावर लिहून द्यायची तीही फारखतीच. लग्न मोडणं हा मुळात हिशेबाचा कागद होता, हे भाषेनेच सांगून ठेवलंय. अडचण एवढीच की या हिशेबात एक रकमा असलेला आणि चुकता न होणारा इसम असतो. तो म्हणजे मूल.

मराठ्यांच्या काळात सरकारला मुलाशी देणं-घेणं नव्हतं, पण लग्नाशी होतं. पेशवाईतल्या करांच्या याद्या चाळल्या तर लग्नावरची पट्टी दिसते, आणि 'पाटदाम' दिसतो. पाटदाम म्हणजे पाट लावल्यावर, विधवेचं दुसरं लग्न झाल्यावर, द्यायचा कर. भोसल्यांच्या नागपूर राज्यात 'पांढरी' नावाचा कर होता. 'काळी' म्हणजे पिकाऊ जमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, हे शेतीच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको. काळीवर सारा बसायचा, आणि जे शेती करत नाहीत पण गावात राहून धंदा करतात, कोष्टी, तेली, दुकानदार, त्यांच्यावर पांढरी बसायची. इंग्रजांनी नागपूर घेतल्यावरही हा कर बरीच वर्षं चालू ठेवला होता. मोजणीचं एकक होतं घर आणि घराचा कर्ता. घरात किती लेकरं, ती कोणाची, आई कुठं गेली, हे कोणी विचारत नव्हतं.

म्हणजे कर मोजणारा मुलाकडे पाहत नव्हता. मग मुलाकडे सरकारने पहिल्यांदा पाहिलं ते कुठं? फौजदारी कायद्यात. वाचून चमकलात ना? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होतं. त्यात असं की, ऐपत असूनही जो पुरुष बायकोला किंवा स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला सांभाळत नाही, त्याला मॅजिस्ट्रेट दरमहा पोटगी द्यायला लावू शकतो. मूल औरस असो वा अनौरस. जात-धर्म कुठलाही असो. वकील लावून दिवाणी दावा लढण्याची ऐपत नसलेल्या बाईला भंडाऱ्याच्या किंवा गोंदियाच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहता यायचं, ते या कलमामुळे.

पण मर्यादा होती. महिना जास्तीत जास्त ५० रुपये. १९२३ मध्ये ती १०० झाली. १९५५ मध्ये ५००. हे ५०० किती वर्षं टिकले असतील? १९७३ च्या नव्या संहितेत कलमाचा क्रमांक बदलून १२५ झाला, तरी आकडा तोच. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून १,५०० केले, आणि २००१ मध्ये केंद्राने मर्यादाच काढून टाकली. म्हणजे १९५५ पासून १९९९ पर्यंत भंडाऱ्याच्या मुलाला या कलमाखाली मिळू शकणारी कमाल पोटगी ५०० रुपयेच होती. ४४ वर्षं! तेवढ्या काळात धानाचा भाव किती वेळा बदलला असेल, मोजा. (आता हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आहे.)

मी १९५५ हे साल दोनदा लिहिलं, कारण हे साल आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. पोटगीची मर्यादा ५०० झाली ती एक. दुसरी, हिंदू विवाह कायदा आला. मुंबई प्रांतात १९४७ पासून हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा होता, पण भंडारा तेव्हा मुंबईत कुठं होता? भंडारा मध्यप्रांतात, मग मध्य प्रदेशात, आणि त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं तेव्हा आपला जिल्हा इकडे आला. त्यामुळे पुण्याच्या बाईला कायद्याने घटस्फोट मागता येत होता तेव्हा साकोलीच्या बाईला जातीच्या पंचांकडेच जावं लागत होतं. तिथं काडीमोड व्हायचा, बऱ्याच जातींत तो सर्रास होता, आणि नव्या कायद्यानेही रूढीने होणारा घटस्फोट कलम २९ मध्ये शाबूत ठेवला. फरक असा की पंचांच्या निवाड्यात मुलाच्या खर्चाचा कागद बहुधा होत नसे, आणि कायद्याच्या कोर्टात कलम २६ खाली मुलाचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांचा हुकूम मागता येऊ लागला.

इथं एक आडवाट घेतल्याशिवाय राहवत नाही. हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातूनच उभे होते, आणि हरले. त्याच पोटनिवडणुकीत भंडाऱ्याच्या दुसऱ्या जागेवरून अशोक मेहता निवडून आले. पुढच्याच वर्षी त्या बिलाचा घटस्फोटाचा भाग कायदा होऊन बाहेर पडला. भंडाऱ्यातल्या आमच्या मंडळींना ही निवडणूक आठवते, पण तिचा नि घरातल्या कोर्टकज्ज्यांचा संबंध कोणी जोडत नाही.

तिसरी गोष्ट अर्थसंकल्पाची. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, आपल्या मध्यप्रांतातच आयसीएस म्हणून नोकरी केलेले. त्यांनी १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात करमुक्त उत्पन्नाची मर्यादा लग्न झालेल्यांसाठी वाढवून २,००० केली आणि अविवाहितांसाठी कमी करून १,००० केली. कर भरताना तुमचं लग्न झालंय का, हे सरकारने पहिल्यांदा असं उघड विचारलं. दोन-तीन वर्षांत मुलंही आली. मूल नसेल तर ३,०००, एक मूल अवलंबून असेल तर ३,३०० आणि दोन किंवा जास्त असतील तर ३,६०० पर्यंतचं उत्पन्न करमुक्त. म्हणजे वाचक ताईंनी विचारलेली अमेरिकेसारखी पद्धत एके काळी आपल्याकडेही होती बरं का! पण कोणासाठी? वर्षाला ३,००० म्हणजे महिना २५०. शेतीचं उत्पन्न तर प्राप्तिकरात नाहीच. तेव्हाच्या भंडाऱ्यात महिना २५० च्या वर पगार घेणारे किती जण होते, ते बोटांवर मोजा. १९७० च्या अर्थसंकल्पात इंदिरा गांधींनी मर्यादा सरसकट ५,००० केली आणि लग्न-मुलं हा भेद संपला.

तेव्हापासून आपल्याकडे 'मूल आहे म्हणून एवढा कर कमी' अशी सरसकट सूट नाही. त्यामुळे मुलावर हक्क सांगण्याचं भांडणही कराच्या कचेरीत फारसं येत नाही. आपल्याकडे उलटं आहे. मुलाचं उत्पन्न कोणाच्या डोक्यावर टाकायचं, हा प्रश्न येतो. आणि माझ्या अभ्यासात सगळ्यात रंगतदार भाग हाच निघाला.

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात १९३७ मध्ये कलम १६(३) घातलं गेलं. श्रीमंत लोक बायकोला भागीदार करायचे, अज्ञान मुलांना नफ्यात वाटा द्यायचे, उत्पन्न चार ठिकाणी वाटलं की प्रत्येकावर कमी दराने कर. ते बंद करायला सरकारने म्हटलं की बायकोचं आणि अज्ञान मुलाचं असं उत्पन्न त्या 'व्यक्ती'च्या उत्पन्नात मिळवा. आता ही 'व्यक्ती' कोण? बाप तर आहेच. पण आईने मुलांना भागीदारीत घेतलं तर? हा वाद मध्य प्रदेशच्या प्राप्तिकर आयुक्तांच्या हद्दीतून, म्हणजे ज्या राज्याची राजधानी तोवर नागपूर होती तिथून, सर्वोच्च न्यायालयात गेला. सोद्रा देवी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९५७ मध्ये न्यायालयाने बहुमताने ठरवलं की इथं 'व्यक्ती' म्हणजे पुरुष. आईच्या उत्पन्नात मुलाचं उत्पन्न मिळवता येणार नाही.

त्या बाईंच्या दृष्टीने हा विजयच होता, कर वाचला. पण वाक्य पुन्हा वाचा. कायद्याने 'व्यक्ती' म्हटलं आणि त्यात आई बसली नाही. १९६१ च्या नव्या कायद्यात कलम ६४ मध्ये 'पत्नी' ऐवजी 'जोडीदार' असा शब्द टाकून ही फट बुजवली. आणि त्याच वर्षी अकोल्याच्या प्राप्तिकर अधिकाऱ्याविरुद्धच्या बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मिळवणंच घटनेला धरून आहे, कारण करचुकवेगिरी रोखायला ते वाजवी आहे, असा निकाल दिला. विदर्भातले व्यापारी घरातल्या घरात किती हुशारीने हिशेब लिहीत होते, त्याचीच ही पावती!

तरी १९९२ पर्यंत बरंच बाहेर राहिलं. आजोबांनी नातवाच्या नावाने ठेव ठेवली, तर तिचं व्याज नातवाचं. पुष्कळ घरांत लेकरांच्या नावाच्या वेगळ्या फायली होत्या. डॉ. मनमोहन सिंग यांच्या १९९२ च्या अर्थसंकल्पाने कलम ६४(१अ) आणलं. अज्ञान मुलाचं जवळजवळ सगळं उत्पन्न आता आई-बापापैकी एकाच्या उत्पन्नात मिळवायचं. मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कलेने, कौशल्याने कमावलं असेल तर ते मुलाचंच, आणि कायद्यात सांगितलेलं अपंगत्व असलेल्या मुलालाही वगळलं. लग्न टिकून असेल तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडे मिळवायचं. आणि लग्न टिकून नसेल तर? त्या वर्षी जो मुलाचं पालनपोषण करतो, त्या पालकाकडे.

बघा, कायद्याने 'ज्याच्याकडे ताबा आहे' असं म्हटलेलं नाही. 'जो नैसर्गिक पालक आहे' असंही नाही. जो सांभाळतो. आणि दरवर्षी नव्याने बघायचं.

याचं महत्त्व कळायला शेजारी दुसरा कायदा ठेवावा लागतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि 'त्यांच्यानंतर' आई. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले, तेव्हा बँकेने आईची पालक म्हणून सही चालेना, वडिलांची आणा, असं कळवलं. हा खटला सर्वोच्च न्यायालयात १९९९ मध्ये निकाली निघाला. 'त्यांच्यानंतर' म्हणजे 'मेल्यानंतर' असंच नाही, वडील गैरहजर किंवा बेफिकीर असतील तरही आई पालक होऊ शकते, असा अर्थ न्यायालयाने लावला. आता तारखा जुळवा. मुलाच्या रोख्याच्या व्याजावरचा कर एकटीने सांभाळणाऱ्या आईने भरावा, हे १९९२ ला ठरलं. तोच रोखा तिने स्वतःच्या सहीने घ्यावा, हे १९९९ ला मान्य झालं. देण्याच्या वेळी आई सात वर्षं आधी दिसली. माझ्या प्रबंधातलं हे प्रकरण मी ज्या मताने लिहितेय ते हेच आहे: आपल्या कायद्याला आई आधी करदाती म्हणून ओळखता आली, पालक म्हणून नंतर.

आता आजचा व्यवहार. समजा तुमसरची एक शिक्षिका आणि जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी करणारा तिचा नवरा वेगळे झाले. मुलगी आठ वर्षांची, आईकडे राहते. आजोबांनी तिच्या नावाने ठेवलेल्या रकमेवर वर्षाला २०,००० व्याज येतं. आई सांभाळते म्हणून हे व्याज आईच्या उत्पन्नात, बापाचा पगार कितीही मोठा असो. जुन्या करपद्धतीत त्यातून दर मुलामागे १,५०० रुपये वजा होतात. नव्या पद्धतीत तेही नाहीत. शाळेची ट्यूशन फी बाप भरत असेल तर ८०क ची वजावट बापाला, आई भरत असेल तर आईला. दोघं अर्धी-अर्धी भरत असतील तर ज्याने जेवढी भरली तेवढी त्याला. इथं मूल कोणाकडे राहतं हे कोणी विचारत नाही, पावती कोणाची एवढंच. म्हणून ताई, शाळेची फी रोख देऊन दुसऱ्याच्या नावाची पावती घेऊ नका.

बाप कोर्टाच्या हुकमाने पोटगी देतो, ती त्याला उत्पन्नातून वजा करता येत नाही. आणि बायकोला दरमहा मिळणारी पोटगी तिचं करपात्र उत्पन्न, एकरकमी मिळाली तर नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरी देवी यांच्या खटल्यात सांगितलं आहे. निकाल राजघराण्यातला, लागू मात्र सगळ्यांना!

गाठ बसते ती 'सांभाळतो' या शब्दावर. बाप महिना ८,००० पाठवतो, आई घर, जेवण, आजारपण, अभ्यास सगळं करते. सांभाळतो कोण? कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही. रुपये मोजायचे की रात्री जागणं मोजायचं, हे प्रत्येक प्रकरणात अधिकाऱ्याने वस्तुस्थिती पाहून ठरवायचं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही चौकट तशीच आली आहे.

अमेरिकेने हे भांडण दुसऱ्या रीतीने मिटवलं. तिथं आधी कोणी जास्त खर्च केला यावर खटले चालायचे. १९८४ च्या कायद्याने साधा नियम केला: मूल वर्षातला जास्त काळ ज्याच्याकडे राहतं त्या पालकाचा हक्क, आणि त्याला तो सोडायचा असेल तर फॉर्म ८३३२ वर सही करून द्यायची. पाहिलंत, शेवटी फारखतीच! तिकडच्या मराठी घरांतही घटस्फोटाच्या वाटाघाटीत हा फॉर्म असतो. याच सुमाराची आणखी एक गंमत: पाच वर्षांवरच्या प्रत्येक अवलंबून मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहायची सक्ती झाली, तेव्हा १९८७ च्या विवरणपत्रांतून सुमारे ७० लाख मुलं गायब झाली. काही कधीच जन्मलेली नव्हती, आणि काही आई-बाप दोघांनीही आपापल्या कागदावर मांडलेली होती.

भंडाऱ्यातल्या बहुतेक घरांना मात्र यातलं काहीच लागू नाही. बिड्या वळणारी, रोवणीला जाणारी बाई प्राप्तिकराचं विवरणपत्र भरत नाही. तिच्यासाठी 'मूल कोणाच्या नावावर' हा प्रश्न रेशन कार्डावर येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे. मुलाचं नाव बापाच्या कार्डावर राहिलं तर ते ५ किलो बापाच्या घरी जातं, लेकरू जेवतं आईच्या माहेरी. आईच्या कार्डावर नाव चढवायचं तर आधी तिकडून कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो आणायला त्याच माणसाकडे किंवा त्याच्या गावच्या दुकानदाराकडे जावं लागतं. काडीमोड पंचांसमोर झाला असेल आणि कोर्टाचा कागद नसेल, तर तहसीलमध्ये पहिला प्रश्न येतो, "घटस्फोटाचा हुकूम कुठाय?" तिच्याकडे बहुतेक वेळा असतो एक शंभराचा स्टॅम्प पेपर, सोडचिठ्ठीचा. त्यावर भांडी, दागिने, लग्नाचा खर्च सगळं लिहिलेलं. मुलाबद्दल कधी एक ओळ, कधी तीही नाही.

आणि १,५०० या आकड्याचं काय आहे कोण जाणे. १९९२ मध्ये मुलामागे वर्षाला १,५०० ची करसूट. १९९९ मध्ये महाराष्ट्रात पोटगीची कमाल मर्यादा महिना १,५००. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत महिना १,५००, घटस्फोटित आणि परित्यक्ता बायकांसह. योगायोगच, पण पहिला आकडा अजून बदललेला नाही, हा योगायोग नाही. त्या सुटीसाठी कोणी मोर्चा काढत नाही.

पुढच्या लेखात या सोडचिठ्ठ्यांवरच लिहिणार आहे. तुमच्या घरी आजी-पणजीच्या काळची फारखत किंवा सोडचिठ्ठी पेटीत पडून असेल, तर नावं झाकून तिचा फोटो पाठवा. कोण सोडतंय, किती रुपये, कोणते दागिने हे तर बघूच, पण मला मुख्य बघायचंय की लेकराचं नाव त्यात कुठल्या ओळीत येतं, आणि त्याच्यापुढे 'सांभाळावे' असं लिहिलंय की 'न्यावे' असं.